मॅटच्या खालची फियाट

जुन्या गाडीचा आवाज कमी व्हावा म्हणून माणसं तिच्या पोटात जे काही भरतात, त्यातलं निम्मं पुढे तिचाच पत्रा खातं. हे मी गिऱ्हाइकाला सुरुवातीलाच सांगतो आणि बहुतेकांना ते पटत नाही. त्यांचा हिशोब सरळ असतो: खाली काहीतरी जाड चिकटवलं की पाणीही अडेल आणि आवाजही. पण पत्र्याला कोरडं राहायचं तर आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट हवी, वारा लागायला हवा. आवाज मारायचा तर त्याच पत्र्यावर काहीतरी दडपून बसवावं लागतं. आमचं काम म्हणजे या दोघांच्या भांडणात मध्यस्थी करणं. त्यात मी नेहमी पाण्याची बाजू आधी ऐकून घेतो.

गॅरेज कोल्हापुरात असल्यामुळे देशावरच्या आणि कोकणातल्या, दोन्हीकडच्या गाड्या येतात. सांगली, विटा, पंढरपूरकडची गाडी वर्षानुवर्षं शेडमध्ये पडून असली तरी तिचा तळ सहसा शाबूत निघतो. उंदरांनी वायरी खाल्लेल्या असतात, सीटमध्ये घर केलेलं असतं, पण फ्लोअर ठोकून बघावं तर खणखणीत. घाट चढून आलेली गाडी वेगळी. वेंगुर्ला, मालवण, रत्नागिरी इथल्या गाड्या वरून बघितल्या तर हेवा वाटावा इतक्या नीट ठेवलेल्या असतात, रंगाला आरशासारखी चकाकी असते, आणि मॅट उचलली की खालची जमीन दिसते. कोकणातल्या गाडीची आणखी एक पंचाईत म्हणजे तिथल्या मातीचा आणि गंजाचा रंग एकच. जांभ्याची लाल धूळ फ्लोअरच्या प्रत्येक सांध्यात बसलेली असते आणि माती कुठे संपते नि गंज कुठे सुरू होतो ते डोळ्यांना कळत नाही. म्हणून अशी गाडी आली की हत्यार उचलायच्या आधी ती खालून-आतून भरपूर गोड्या पाण्याने धुऊन घ्यायची. गंजाच्या भीतीने आलेल्या मालकासमोर गाडीत पाण्याचा पाइप सोडला की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

पण त्या धुण्याला कारण आहे. नुसत्या दमट हवेने लोखंड गंजायला हवेतली आर्द्रता साधारण साठ टक्क्यांच्या वर जावी लागते. समुद्राच्या मिठाचा थर बसला की हा नियम मोडतो. त्या मिठात थोडं मॅग्नेशियम क्लोराइड असतं, ते तेहतीस-चौतीस टक्के आर्द्रतेलाही हवेतून पाणी ओढून घेतं. म्हणजे ज्या दिवशी अंगणातले कपडे तासाभरात वाळतात, त्या दिवशीही मॅटखालचा खारावलेला पत्रा ओलाच असतो. वरून कितीही भारी प्रायमर मारला तरी खाली मीठ राहिलं तर काही महिन्यांत फोड येतात. मीठ जातं ते पाण्यानेच. मग हीटर लावा, उन्हात उभी करा, ब्लोअर मारा, पण आधी धुवा.

ज्या गाडीबद्दल सांगायचं आहे ती वेंगुर्ल्याच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांची फियाट, साठच्या दशकाच्या अखेरची डिलाइट. आंबोलीच्या घाटातून, आजरा-गडहिंग्लज करत सर स्वतः चालवत घेऊन आले होते. सोबत काकू. गाडीतून उतरल्या उतरल्या सर म्हणाले, "गाडी बरी आसा, पण खालसून आवाज लय येता. मागच्याचा बोलणा पुढच्याक आयकाक येना नाय." काकूंनी यावर, ते आधीपासूनच येत नव्हतं, असं काहीतरी पुटपुटून पाण्याची बाटली मागितली.

आमचे डेंटर चाचा तोवर गाडीखाली गेले होते. पत्र्याच्या कामात त्यांचा हात धरणारा उद्यमनगरात फार कोणी उरलेला नाही. ते हातोडीच्या दांड्याने खालून ठोकत सरकत जातात. चांगला पत्रा 'टण्ण' वाजतो, सडलेला 'थप' करतो, आणि पुट्टी किंवा डांबराने भरलेला काहीच बोलत नाही. सरांची गाडी ड्रायव्हरच्या पायाखाली काहीच बोलत नव्हती. चाचा बाहेर आले, हात पुसले आणि म्हणाले, "सर, गाडी लै चांगली हाय. खालचा पत्रा तेवढा अल्लाला प्यारा झालाय."

हे वाक्य जीपबद्दल असतं तर काळजी नव्हती. जीपला चासी वेगळी असते, तिचा फ्लोअर म्हणजे वरचं झाकण. काढा, नवीन बसवा. फियाटचं तसं नाही. फियाट ११०० चं हे घराणं, म्हणजे १९५३ साली इटलीत निघालेली ११००-१०३, बिनचासीची गाडी आहे. फ्लोअर, दारांखालचे दोन्ही बाजूंचे सिल, मधला बोगदा आणि छताचे खांब मिळूनच तिचा सांगाडा होतो. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याला ही गाडी बनवली. १९६४ पासून ती डिलाइट होती, सत्तरच्या दशकात प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झाली, आणि मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनीची शेवटची काळी-पिवळी २०२३ च्या ऑक्टोबरात उतरली. नावं बदलत गेली तरी हाडं तीच राहिली. अशा गाडीचा तळ गेला की गाडी मधून वाकते. ओळखायची सोपी खूण आहे. दार उघडं ठेवून सिलच्या मध्यावर जॅक लावायचा आणि गाडी उचलायची. मग दार लावून बघायचं. लागलं नाही किंवा घासून लागलं तर समजावं की तळाने काम सोडलंय.

सरांच्या गाडीचं दार लागलं. घासून, पण लागलं.

मग मॅट काढली. वर काळं रबर, त्याखाली तागाचा जाड नमदा. तो कंपनीचा नव्हता, मधल्या काळात आवाजासाठी कोणीतरी दोन थर घातले होते. उचलायला गेलो तर तो उचलला जाईना, इतका पाण्याने जड झाला होता. मुठीत दाबला तर कोपरापर्यंत तांबडं पाणी ओघळलं. पाऊस संपून बरेच दिवस झाले होते. त्या नमद्यात एक गंजून पत्र्याला चिकटलेली हेअरपिन, चिंचोके आणि शाळेच्या पावतीपुस्तकाचा लगदा निघाला. त्याखाली डांबराचा थर. हा थर मात्र दिसायला अगदी शाबूत होता, काळाभोर, एकसंध. चाचांनी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक त्यावर ठेवलं आणि नुसतं वजन टाकलं. मुठीपर्यंत आत गेलं. थर टिकला होता, ज्याला तो चिकटला होता तो पत्राच खालून संपला होता.

डांबराचं हे असंच असतं. नवीन असताना ते पत्र्याला घट्ट धरतं. काही वर्षांनी कडक होतं, थंडी-उन्हाने बारीक तडे जातात, तड्यातून पाणी आत जातं आणि मग बाहेर यायला त्याला वाट राहत नाही. पत्र्याचा गंज मूळच्या लोखंडापेक्षा कितीतरी पट जास्त जागा घेतो, त्यामुळे तो फुगून पापुद्रे वर ढकलतो, तडा रुंद होतो आणि आणखी पाणी. हेच गाडीखाली मारलेल्या स्वस्त काळ्या कोटिंगचं. पावसाळ्याआधी ते मारून घेतलं की मालकाला वाटतं काम झालं. गंजलेल्या पत्र्यावर ते मारणं म्हणजे गंजाला पांघरूण. त्यापेक्षा जुने ट्रकवाले जळकं ऑइल ब्रशने फासायचे ते एका अर्थी बरं होतं. रबरी बुश खराब व्हायचे, रस्त्यावर ठिबकायचं, आणि आज मी ते कोणाला करू देणार नाही. पण ते ओलसर राहायचं, दगडाने ओरखडा पडला तर पसरून पुन्हा झाकायचं. कडक कोटिंगला तेवढी अक्कल नाही.

पाणी आलं कुठून, हे शोधल्याशिवाय पत्रा कापायचा नाही, असा आमच्याकडे दंडक आहे. बहुतेकांना वाटतं पाणी खालून, चाकांनी उडवल्यामुळे येतं. खरं तर ते जास्त वेळा वरून येतं. सरांच्या गाडीत एक माणूस आत बसवला, दुसऱ्याने पाइप धरला आणि खालून सुरुवात करून हळूहळू वर जात राहिलो. आधी दारांचा तळ, मग दारांच्या कडा, मग पुढच्या काचेचं रबर. वरून सुरुवात केली तर सगळीकडे ओलं होतं आणि काहीच कळत नाही. काचेच्या रबराच्या उजव्या कोपऱ्यातून आतमध्ये बारीक धार लागली. ती डॅशबोर्डच्या मागून उतरून थेट ड्रायव्हरच्या पायाशी, नमद्यात. बाहेरून काहीच दिसत नव्हतं. फ्लोअरला मुळात पाणी काढून टाकायला भोकं होती, रबरी बुचं लावलेली. ती डांबराखाली गाडली गेली होती.

कापायच्या आधी दारांच्या चौकटीत आडवे-तिरके पाइप टाकून तात्पुरते वेल्ड केले. दारं काढली नाहीत, कारण दाराची फट हीच आमची मोजपट्टी. कर्णांची मापं पत्र्यावर खडूने लिहून ठेवली आणि एका बाजूचं काम पुरं होईपर्यंत दुसऱ्या बाजूला हात लावला नाही. दोन्हीकडून एकदम कापली तर गाडी बसते, आणि एकदा बसली की तिचं दार आयुष्यभर दोनदा आपटावं लागतं.

परदेशात बीटलसारख्या गाड्यांचे फ्लोअर तयार मिळतात, खोक्यातून काढून बसवायचे. आपल्याकडे फियाटचा फ्लोअर म्हणजे सीआर पत्रा आणि चाचांचे हात. सरांनी जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या पत्र्याचा आग्रह धरला होता, गंजत नाही म्हणून. त्यांना समजावलं की वेल्डिंग केलं की जोडापाशीच जस्त जळून जातं, आणि गंज सुरू होतो तो जोडापाशीच. वर तो धूर छातीत गेला की वेल्डरला रात्री थंडी वाजून ताप येतो. जुन्या फ्लोअरला ज्या नाळ्या पाडलेल्या होत्या, त्या तशाच्या तशा नव्या पत्र्यात पाडल्या. त्या शोभेच्या नसतात. सपाट पत्रा ढोलासारखा घुमतो, नाळी पाडलेला पत्रा ताठ राहतो, म्हणजे आवाज मारण्याचं पहिलं काम त्या नाळ्याच करतात. घाईचे डेंटर सपाट चौकोन ठोकून मोकळे होतात आणि मग मालक त्यावर आवाज मारायची हजारोंची शीट चिकटवत बसतो.

मूळ आकार सोडायचा नाही याला आता सरकारी कारणही आहे. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ साली नियम आले. 'व्हीए' असं लिहिलेला वेगळा नंबर मिळतो, नोंदणीला वीस हजार, दहा वर्षांसाठी, पुढे नूतनीकरणाला पाच हजार. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी शेल, इंजिन यांत मोठे फेरफार नकोत. फ्लोअर बॉडी शेलचाच भाग. मूळच्या आकाराचा पत्रा, मूळच्या जागी, ही दुरुस्ती. सपाट पत्रा आणि वरून अँगल मारला तर त्याला मी तरी दुरुस्ती म्हणणार नाही. या नंबराची गाडी रोज चालवता येत नाही म्हणून सरांनी तो घेतला नाही. ते डिलाइट बाजारात नेतात, भाजी आणायला.

जोड कसा घ्यायचा यावर चाचांचं आणि माझं दरवेळी वाजतं. त्यांना पत्र्यावर पत्रा चढवून जोडणं पसंत, काम लवकर होतं, पत्रा जळत नाही. मला कडेला कड भिडवलेली हवी. चढवलेल्या जोडात दोन पत्र्यांमध्ये जी फट राहते, तिथे रंगाचा थेंब पोचत नाही पण पाण्याचा पोचतो. शेवटी जिथे कंपनीने मुळात पत्र्यावर पत्रा चढवला होता, म्हणजे सिलच्या कडेला, तिथे तसंच केलं. वरच्या पत्र्याला भोकं पाडून ती वेल्डने भरली, मधल्या फटीत वेल्डिंगआधीच जस्ताचा प्रायमर मारला. बाकी सगळीकडे कडेला कड. चाचा सीओटू वेल्डिंग बोटभर करतात, मग तिथून लांब दुसरीकडे बोटभर, मग पुन्हा पहिल्या जागी. सलग धार ओढली तर पत्रा तापून लाटा येतात.

रंगाच्या बाबतीत माझं मत ठाम आहे आणि ते रेड ऑक्साइड विकणाऱ्यांना आवडत नाही. खिडकीच्या ग्रिलला ते ठीक आहे. पण पातळ रेड ऑक्साइडचा थर पाणी झिरपू देतो, आणि गॅरेजात तो मारून गाडी महिनाभर उघडी ठेवली की खाली गंज सुरू झालेला असतो, रंग मात्र तोच लाल. फ्लोअरला दोन डब्यांचा एपॉक्सी प्रायमर हवा, हार्डनर मोजून घातलेला. जुन्या पत्र्यावर जिथे बारीक खड्ड्यांत गंज उरतो तिथे फॉस्फरिक आम्लाचं कन्व्हर्टर चालतं, पण तो गंज पातळ असला तर. पापुद्रे धरलेल्या गंजावर ते ओतून काही होत नाही, वरचा थर काळा पडतो आणि माणसाला समाधान मिळतं. प्रायमर वाळल्यावर सगळ्या सांध्यांना सीलर, मग रंग. सीलर प्रायमरच्या वर, उघड्या पत्र्यावर नाही. पाण्याची भोकं मोकळी ठेवून त्यांना नवीन बुचं. सिलच्या पोकळीत लांब नळीने मेण फवारलं. ते खालच्या भोकांतून ठिबकायला लागलं तेव्हा थांबलो, आणि मग ती भोकं तारेने पुन्हा मोकळी केली. ही तार फिरवण्याची गोष्ट हटकून विसरली जाते.

आता आवाज. शीट उघडण्याआधी मी गाडी पुणे-बंगळूर हायवेला काढतो. वेग धरला की न्यूट्रल टाकायचं. आवाज पडला तर तो इंजिनाचा किंवा सायलेन्सरचा होता, फ्लोअरचा त्यात दोष नाही. तसाच राहिला आणि डांबरी रस्त्यावरून सिमेंटच्या रस्त्यावर जाताच बदलला तर टायरचा, नाही बदलला तर शाफ्ट तपासायचा, कारण तो न्यूट्रलमध्येही चाकांबरोबर फिरतच असतो. सरांच्या गाडीतली निम्मी घरघर मधल्या शाफ्टच्या झिजलेल्या क्रॉसची आणि सायलेन्सरच्या मेलेल्या रबराची निघाली. दोन्ही मिळून खर्च किरकोळ. हे न बघता शीट चिकटवणारे आहेत, आणि गिऱ्हाईक पैसे देतंय म्हटल्यावर त्यांना कोण विचारणार.

उरलेल्या आवाजाचे दोन प्रकार असतात आणि त्यांची औषधं वेगळी. पत्रा स्वतः थरथरून जो घुमतो त्याला ब्यूटाइलची शीट, वर अॅल्युमिनियमचा पापुद्रा असलेली. ती थरथर ओढून घेते. बोटाच्या पेराने ठोकत जायचं, जिथे पत्रा वाजतो तिथेच शीट लावायची. पत्र्याच्या प्रत्येक तुकड्याचा मधला तिसरा हिस्सा झाकला तरी बराचसा फरक पडतो. इंच-इंच मढवून काढायची काही गरज नाही. दोन मिलिमीटरची शीट चौरस मीटरला तीनेक किलो भरते आणि १०८९ सीसीच्या इंजिनाला तेही ओढायचं असतं. आणि नाळ्यांचे खोलगट भाग, भोकं, सांधे मी मुद्दाम उघडे ठेवतो, पाणी आलंच तर त्याला उतरायला. रोलर दाबून शीट बसवायची, पत्रा थोडा गरम करून, आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. बुडबुडा म्हणजे उद्याची ओल. काही जण यासाठी गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं डांबरी शीट वापरतात. मे महिन्यात बंद गाडीचं दार उघडून दाखवा म्हणावं, वासानेच माणूस मागे सरतो.

दुसरा आवाज हवेतून येतो, फटींमधून. वायरी, केबल, पेडल जिथून आत येतात तिथली रबरं साठ वर्षांत गळून पडलेली असतात. आवाजाच्या बाबतीत भोक फार महाग पडतं. भिंत कितीही भक्कम असो, तिच्या एक टक्का जागेत भोक असेल तर ती वीस डेसिबलहून जास्त आवाज अडवूच शकत नाही. म्हणून भारी थरांवर खर्च करण्याआधी रबरी ग्रोमेट शोधत हिंडायचं. ते नव्या गाड्यांचे, पंपाचे, कुठलेही चालतात, भोकात घट्ट बसले म्हणजे झालं.

सर नमदा परत मागत होते. आधी गाडीत ताग होता, मग ताग हवा. त्यांची भावना मला कळते, पण ओल धरणारी वस्तू मी पत्र्याला टेकू देत नाही. मध्यम मार्ग काढला. पत्र्यावर जिथे हवी तिथे ब्यूटाइल, त्यावर बंद पेशींचा रबरी फोम, जो पाणी पीत नाही, पण चिकटवलेला नाही, नुसता अंथरलेला. त्यावर तागाचा एकच पातळ थर, मग मॅट. आणि अट घातली की पावसाळ्यात महिन्यातून एकदा हे सगळं उचलून उन्हात टाकायचं. चिकटवलं असतं तर आवाज थोडा आणखी कमी झाला असता. पण जे उचलता येत नाही ते कोणी उचलून बघत नाही. सरांनी वहीत टीप करून घेतलं, तारखांसकट. मुख्याध्यापक होते, ते पाळतील.

गणपतीनंतर त्यांचा फोन आला. फ्लोअर कोरडा आहे, आवाजही कमी झालाय, म्हणाले, आणि फोन काकूंकडे दिला. काकूंची नवीन तक्रार होती. "आता दारांच्यो काचो वाजतत, त्येंचा काय?" त्या आधीही वाजतच असणार, घरघरीत कळत नव्हत्या. काचेच्या फेल्टच्या पट्ट्या गेल्या असतील, असं सांगितलं. चाचा शेजारूनच ओरडले, "दारं उघडणारच हाय तर खालची पाण्याची भोकं पण बघू म्हणावं, ती पण बुजलेली असणार." गाडी दिवाळीनंतर येतेय.